मशीन चालू, डिस्क जुनी

फिरणारा भाग समतोल आहे की नाही हे मोजणाऱ्या यंत्राला आमच्याकडे बॅलन्सिंग मशीन म्हणतात. क्रँकशाफ्ट, मोटरचा रोटर किंवा पंपाचा इंपेलर त्यावर चढवायचा, फिरवायचा, कुठल्या अंशावर किती वजन जास्त आहे ते पडद्यावर बघायचं आणि तिथे ड्रिल मारून तेवढं लोखंड काढून टाकायचं. भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत गेलात तर एखादं तरी असं मशीन दिसेल. त्याचा ओतीव लोखंडाचा बेड नीट वापरला तर पंचवीस-तीस वर्षं सहज टिकतो. त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क पाच-सहा वर्षांत कुरकुरायला लागते. आणि त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लिनक्सचं नवं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, दर नऊ-दहा आठवड्यांनी येतं. या तीन वयांचा मेळ घालणं हे गेली अनेक वर्षं माझं काम आहे.

२००६ साली मी पुण्यातल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागात लागले. विभाग लहान होता. सुरुवातीच्या मशिन्सवर २.४ मालिकेचं कर्नल होतं, नव्यांवर २.६. हे सगळं एकट्याने सांभाळणारे सर निवृत्तीला आले होते. मोजमापाचा कोड दाखवायच्या आधी त्यांनी मला कर्नलमधला आयडीईचा विभाग, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर, उघडून दिला. म्हणाले, "बाकीचं तुला कुणीही शिकवेल. हे मात्र तू स्वतः बसून वाच. गिऱ्हाइकाचा फोन येतो तो बहुतेक वेळा इथून येतो."

तो कोड आमचा नव्हता, जगभरच्या लोकांनी लिहिलेला होता. आमचं काम कर्नल निवडायचं, आमच्या बोर्डांना लागतील ते छोटे पॅच त्यावर चढवायचे आणि जुन्यातल्या जुन्या मशीनवरही ते चालतंय याची खात्री करायची. कर्नल बदलायचंच कशाला, आहे ते चालू द्या की, असं कुणीही विचारेल. मशीन एकटं उभं होतं तोवर आम्हीही बदलत नव्हतो. पण गाड्या बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक शाफ्टचा रिपोर्ट मागायला लागल्या, मशिन्स कारखान्याच्या नेटवर्कला जोडली गेली, आणि मग सुरक्षेची भोकं बुजवलेलं कर्नल देणं भागच झालं.

आयडीई डिस्कशी बोलणं वरवर अगदी सोपं आहे. १एफ० ते १एफ७ असे आठ पोर्ट आणि चौदा नंबरचा इंटरप्ट. कुठल्या सेक्टरपासून, किती सेक्टर, हे लिहायचं. मग आज्ञा लिहायची. डिस्कने 'मी गुंतलेली आहे' हा बिट खाली टाकला आणि 'डेटा तयार' हा बिट वर केला की ५१२ बाइट उचलायचे. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एका संध्याकाळी एवढं लिहू शकतो. खरी गोम आहे ती थांबण्यात. आज्ञा दिल्यावर ४०० नॅनोसेकंद जाईपर्यंत स्टेटस वाचलं तर त्यावर विसंबता येत नाही. स्टेटसचा पोर्ट नुसता वाचला तरी डिस्कचा इंटरप्ट पोचला असं धरलं जातं, म्हणून फक्त डोकावून बघायचं असेल तेव्हा ३एफ६ हा दुसरा पोर्ट वाचायचा. रीसेट केल्यानंतर डिस्कला तयार व्हायला मानकानुसार ३१ सेकंदांपर्यंत मुभा आहे. एवढा वेळ वाट बघितली नाही तर म्हातारी डिस्क सापडतच नाही, आणि सगळ्याच डिस्कांसाठी बघितली तर रिकाम्या कनेक्टरपाशीही मशीन उगाच खोळंबतं. ड्रायव्हरमधल्या अशा एकेका आकड्यामागे कुणाचे तरी दिवस गेलेले आहेत.

प्रत्येक डिस्क आपली ओळख स्वतः सांगते. ओळखीची आज्ञा दिली की ती ५१२ बाइटचा मजकूर पाठवते: नाव, क्रमांक, फर्मवेअर, आणि मला काय काय जमतं त्याची यादी. नावातल्या अक्षरांच्या जोड्या उलट्या येतात, त्या सुलट कराव्या लागतात. अडचण अशी की डिस्क स्वतःबद्दल जे सांगते ते नेहमी खरं नसतं. काही मॉडेल्स डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेणं, जमतं म्हणतात, पण डीएमए सुरू केलं की अडकतात. कर्नलमध्ये अशा डिस्कांची नावानिशी यादी आहे आणि प्रत्येक नावापुढे तिच्याशी कसं वागायचं ते लिहिलेलं आहे.

कंट्रोलर चिपांचंही तसंच. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अनेक मदरबोर्डांवर सीएमडी६४० नावाची चिप होती. तिच्यावर दोन चॅनेल होते आणि दोन्ही स्वतंत्र असल्यासारखे दिसायचे, पण एकाच वेळी दोन्ही वापरले तर डेटा बिघडायचा. आरझेड१००० नावाच्या दुसऱ्या चिपमध्ये पुढचा डेटा आधीच उचलून ठेवण्याची सोय होती आणि तीच डेटा नासवायची. भयंकर गोष्ट ही की चूक झाल्याचं कुठेही दिसत नसे. फाइल लिहिली गेली, वाचली गेली, फक्त आतले बाइट वेगळे. यावर कर्नलने केलेले उपाय थोडक्या ओळींचे आहेत: पहिल्या चिपवर एका वेळी एकच चॅनेल चालवायचा, दुसरीवर ती सोय बंद करून टाकायची.

मला हाच भाग या ड्रायव्हरमधला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मानक कुणालाही वाचता येतं, त्यावरून ड्रायव्हर पुन्हा लिहिता येतो. ही यादी विचार करून काढता येत नाही. ती कुणाचा तरी डेटा गेल्यावर, त्याने चिकाटीने कारण शोधल्यावर आणि कळवायचे कष्ट घेतल्यावर तयार झाली आहे. ती हरवली तर तेच नुकसान नव्या माणसांना पुन्हा सोसावं लागेल.

सरांनी माझ्यासाठी एक रॅक मागे ठेवला. आम्ही विकलेल्या प्रत्येक प्रकारच्या मशीनमधला एकेक बोर्ड त्यावर होता, शेजारी डिस्का, चाळीस तारांच्या आणि ऐंशी तारांच्या रिबन केबल, एका डबीत जंपर. जुन्या डिस्का गिऱ्हाइकांकडून परत यायच्या, तरी पुरायच्या नाहीत. मग बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचं. तिथे लोखंडी नट-बोल्ट, घड्याळं, पितळी भांडी आणि रेडिओ यांच्या मध्येच कॉम्प्युटरचे सुटे भाग पसरलेले असत. विकणाऱ्याला डिस्क चालते का हे ठाऊक नसायचं आणि तो तसं स्पष्ट सांगायचा. मी लेबल वाचून मॉडेल निवडायची. मुंबईला गेले की लॅमिंग्टन रोडला एक चक्कर ठरलेली असे. बंद पडत आलेली डिस्क मिळाली तर मला जास्त आनंद व्हायचा, कारण चांगल्या डिस्कवर सगळेच ड्रायव्हर चांगले वागतात. चुका झाल्यावर तो सावरतो कसा, हे मरायला टेकलेली डिस्कच दाखवते.

त्या काळात कर्नलमध्ये आयडीई डिस्कांसाठी दोन ड्रायव्हर शेजारी शेजारी नांदत होते. पहिला जुना. त्याचं मूळ थेट १९९१ पर्यंत जातं. लिनस टोरवाल्ड्स यांच्या कॉम्प्युटरमध्ये एटी पद्धतीची हार्ड डिस्क होती म्हणून त्यांनी त्याच डिस्कसाठी ड्रायव्हर लिहिला, आणि याखेरीज दुसरं काही चालेल असं वाटत नाही, असं पहिल्या जाहीर निवेदनातच सांगून टाकलं. पुढे मार्क लॉर्ड यांनी आयडीईचा भाग वाढवला. डिस्क तपासायचं एचडीपार्म हे हत्यारही त्यांचंच. मग आंद्रे हेड्रिक आले. डिस्क बनवणाऱ्यांच्या प्रमाण-समितीत भाग घेऊन तिथलं ज्ञान ते कर्नलमध्ये आणत. ते २०१२ साली गेले.

या इतिहासातला एक प्रसंग मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. २००२ मध्ये २.५ या विकासाच्या मालिकेत मार्टिन डालेकी यांनी आयडीईचा गुंता सोडवायला घेतला. शंभरावर पॅच आले. हेतू योग्य होता, कोड खरोखरच गुंतलेला होता. पण गाठी सुटू लागल्या तसे जुने उपायही निसटू लागले, आणि विकासाचं कर्नल चालवणाऱ्यांना आपल्या डिस्कांची भीती वाटायला लागली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये येन्स आक्सबो यांनी २.४ मधला जुना ड्रायव्हर २.५ मध्ये आणला आणि ती सगळी साफसफाई सोडून देण्यात आली. नंतर अॅलन कॉक्स आणि बार्टलोमिए झोल्नियेरकेविच यांनी तोच जुना ड्रायव्हर हळूहळू सुधारला.

दुसरा ड्रायव्हर लिबएटीए. जेफ गार्झिक यांनी तो आयडीईनंतरच्या साटा डिस्कांसाठी सुरू केला. चुका हाताळायची त्याची सगळी व्यवस्था तेजून हो यांनी नव्याने बांधली. अॅलन कॉक्स यांनी जुन्या चिपांचे ड्रायव्हर एकेक करून त्यावर लिहिले आणि २००६ च्या नोव्हेंबरातल्या २.६.१९ मध्ये ते कर्नलमध्ये आले. आरझेड१००० चा आणि पुढे सीएमडी६४० चा उपायसुद्धा आला, बिघडलेल्या डिस्कांची यादीही आली. जुन्याला हात न लावता शेजारी नवं उभं करायचं, अनुभवाने मिळालेलं सगळं त्यात आणायचं, माणसं आपापल्या सवडीने तिकडे जाऊ द्यायची. या कामाची हीच रीत बरोबर आहे असं मला ठामपणे वाटतं.

आम्ही नव्या ड्रायव्हरकडे जायला निघालो तेव्हा पहिला फरक नावांचा होता. जुन्या ड्रायव्हरमध्ये डिस्क एचडीए असायची, नव्यात एसडीए झाली. बूट होताना कर्नल एचडीए-एक शोधायचं आणि तिथेच थांबायचं. यावर उपाय ठाऊक होता: नावाऐवजी पार्टिशनचा कायमचा ओळखक्रमांक वापरायचा. आमच्या प्रोग्रॅममध्ये तो घालायला वेळ लागला नाही. पण सर्व्हिसच्या मुलांनी गिऱ्हाइकाकडे बसून बॅकअपच्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या आणि त्या प्रत्येकीत एचडीए होतं. त्या गोळा करण्यातच महिने गेले. जुना ड्रायव्हर एका डिस्कवर ६३ पार्टिशन चालवायचा, नवा १५. सुदैवाने एवढी पार्टिशन आमच्या एकाही मशीनवर नव्हती.

खरा पेच पडला तो मेमरी कार्डांचा. नव्या आयडीई डिस्का मिळेनाशा झाल्या तसं आम्ही जुन्या मशिन्समध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डं घालायला लागलो. हे कार्ड आयडीई डिस्कसारखंच वागू शकतं. मध्ये एक छोटा अॅडॉप्टर लावला की रिबन केबल थेट जोडता येते, त्याला वेगळी बुद्धी लागत नाही. फिरणारं काही नाही, धक्क्याने बिघडत नाही, कारखान्यासाठी उत्तम. जुन्या कर्नलवर ही कार्डं मुकाट चालली. नवं कर्नल घातलं आणि भोसरीच्या एका कारखान्यातून सकाळी फोन आला, "मॅडम, मशीन चालूच होत नाही. तीनदा बंद करून लावलं."

सर्व्हिसचा मुलगा आणि मी गेलो. ऑपरेटर म्हणाला, पडदा तसाच राहतो, काही हलत नाही. मी म्हटलं, या वेळी कुणी बंद करू नका, फक्त थांबू या. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर एक ओळ उमटली: आज्ञेला उत्तर आलं नाही. आणखी अर्ध्या मिनिटाने दुसरी. मग रीसेट, पुन्हा तेच. काही मिनिटांनी कर्नलने आपणहून वेग कमी केला, शेवटी डीएमए सोडून पीआयओवर, म्हणजे प्रोसेसरने स्वतः डेटा उचलण्याच्या संथ पद्धतीवर, आलं आणि मशीन सुरळीत चालू झालं. म्हणजे ते बंद पडलेलं नव्हतंच. सावरायचा प्रयत्न करत होतं आणि दर वेळी अर्ध्यावर त्याची वीज तोडली जात होती.

कारण रॅकवर सापडलं. कार्डाला डीएमए येत होतं आणि ते तसं सांगत होतं. कंट्रोलरलाही येत होतं. पण डीएमएसाठी केबलमध्ये मागणी आणि मंजुरी अशा दोन तारा लागतात, आणि स्वस्त अॅडॉप्टरमध्ये या दोन तारा जोडलेल्याच नव्हत्या. दोन्ही टोकं खरं बोलत होती, मधला तुकडा मुका होता, आणि त्या तुकड्याला विचारायची सोय कुठल्याच ड्रायव्हरकडे नाही. जुना ड्रायव्हर अशा वेळी लवकर हार मानून पीआयओवर यायचा. नवा जास्त काटेकोर. प्रत्येक आज्ञेला तीस सेकंद देणारा, कारण नव्या मोठ्या डिस्कांना खरोखरच तेवढा वेळ लागू शकतो. दोघांचंही वागणं आपापल्या जागी योग्य होतं.

बूटच्या ओळीत, अमुक पोर्टवर पीआयओच वापर, असं लिबएटीएला बजावता येतं. ते घातल्यावर मशीन पटकन सुरू झालं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र ते पुरेसं वाटेना. डीएमएच्या वेगवान प्रकारात, अल्ट्रा डीएमएमध्ये, तारेवरून जाणाऱ्या डेटाला सीआरसीची तपासणी असते. केबल खराब असली, तिथे ऐंशीऐवजी चाळीस तारांची लावली असली, तर लॉगमध्ये सीआरसीच्या चुका दिसतात आणि तोच डेटा पुन्हा पाठवला जातो. पीआयओमध्ये ही तपासणी नाही. तिथे केबलमध्ये बिट उलटला तर तो तसाच डिस्कवर जातो. ज्या मशीनच्या आकड्यांवरून क्रँकशाफ्टला भोक पाडतात, त्याच्या डेटाची राखण वेगासोबत काढून टाकणं मला मान्य नव्हतं. खरेदी विभागाशी बरीच वादावादी झाली. शेवटी दोन्ही तारा जोडलेले, थोडे महाग अॅडॉप्टर घ्यायचे ठरले. पीआयओची ओळ फक्त ते पोचेपर्यंत ठेवली, आणि तोवर केबल अठरा इंचांपेक्षा लांब नको अशी सूचना सर्व्हिसला दिली.

यानंतर जे आलं ते मला अजून जास्त विचार करायला लावतं. आमच्या काही जुन्या मशिन्सचा बायॉस ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की जागीच थिजायचा. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांचा हा दोष होता, आणि म्हणून डिस्क बनवणारे आपल्या मोठ्या डिस्कवर एक जंपर द्यायचे. तो लावला की चाळीस जीबीची डिस्क आपण ३३.८ जीबीच्या आहोत असं सांगायची. बायॉस खूश. मग जुना आयडीई ड्रायव्हर डिस्कला तिची खरी क्षमता विचारायचा, ती जास्त निघाली की त्या मर्यादेचं कुलूप काढायचा आणि सगळी चाळीस जीबी वापरायला द्यायचा. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आमच्या आधीच्या लोकांनी त्या शेवटच्या भागात कॅलिब्रेशनच्या नोंदींचं पार्टिशन केलेलं होतं.

नवा ड्रायव्हर डीफॉल्टने हे कुलूप काढत नाही. त्यालाही सबळ कारण आहे. काही कॉम्प्युटर कंपन्या डिस्कच्या टोकाशी मुद्दाम जागा लपवून तिथे आपली दुरुस्तीची साधनं ठेवतात; ती उघडली तर कुणीतरी त्यावर लिहून टाकेल. पण आमच्या मशीनवर त्याचा अर्थ असा झाला की पार्टिशनची सुरुवात डिस्कवर आणि शेवट डिस्कच्या बाहेर. रॅकवर हे दिसलं म्हणून वाचलो. कुलूप दुर्लक्षित कर, असा एक पर्याय लिबएटीएमध्ये आहे, तो आम्ही त्या मॉडेलांसाठी चालू केला. मोठ्या डिस्कांच्या या सगळ्या मर्यादा आणि जंपर यांच्यावर अँड्रीस ब्राउवर यांनी लिहिलेलं तपशीलवार मार्गदर्शन लिनक्सवाल्यांना ठाऊक आहे. मी ते त्या दिवसांत अक्षरशः उशाशी ठेवलं होतं. २०१० मध्ये तेजून हो यांच्या बदलांनी कर्नल स्वतःच शहाणं झालं: पार्टिशन डिस्कच्या बाहेर जाताना दिसलं तर ते कुलूप उघडून पुन्हा बघतं. हे वाचल्यावर मला बरं वाटलं. आमच्यासारखी आणखीही माणसं कुठेतरी होती, आणि त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं होतं.

जुना आयडीई ड्रायव्हर पुढे बरीच वर्षं कर्नलमध्ये राहिला. डेव्हिड मिलर यांनी तो सांभाळला, पण सांभाळणं म्हणजे मोडू न देणं एवढंच. शेवटी शेवटी तो बूट होताना इशारा छापायचा की २०२१ मध्ये मी जाणार, लिबएटीएकडे वळा, आणि काही हार्डवेअर राहून गेलं असेल तर कळवा. अटारी फाल्कन, अमिगा, जुने मॅकिंटॉश अशा यंत्रांवर प्रेम करणाऱ्यांनी आपापल्या कंट्रोलरचं काम नव्या बाजूला आणून ठेवलं. मग क्रिस्टॉफ हेलविग यांचा पॅच आला आणि ऑगस्ट २०२१ च्या ५.१४ मध्ये तो सगळा विभाग काढून टाकला गेला, चाळीस हजारांहून जास्त ओळी.

ऑफिसात मला काहींनी विचारलं, तुला वाईट वाटत असेल ना? नाही वाटलं. मी त्या काढण्याच्या बाजूची आहे. कर्नलच्या मधल्या थरात कुणी काही बदललं की तो बदल जुन्या ड्रायव्हरमध्येही करावा लागायचा, आणि तो करणाऱ्याकडे चालवून बघायला ना ती चिप, ना ती डिस्क. २०१९ मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरचंही तेच झालं होतं. तो सांभाळणाऱ्याकडे फ्लॉपी ड्राइव्ह उरला नव्हता, आणि टोरवाल्ड्स यांनी त्या ड्रायव्हरवर पोरका अशी खूण केली. जो कोड कुणी चालवून बघत नाही तो आहे असा भास होतो, आणि भासाच्या भरवशावर कुणीतरी आपली डिस्क जोडतं. त्यापेक्षा तो स्पष्टपणे नसलेला बरा. माझी अट एवढीच आहे की जाण्याआधी त्यातलं शहाणपण दुसरीकडे पोचलेलं असावं, आणि इथे ते पोचलं होतं.

कंपनीत मात्र या निमित्ताने वेगळाच विषय निघाला. कर्नलवाल्यांनीच जुनं टाकलं, तर आपण जुन्या मशिन्सना अपडेट का द्यायचे, गिऱ्हाइकांना मशीनचा नवा कंट्रोलर घ्यायला सांगू, असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. मी रॅकवरच्या चाचण्यांचे निकाल घेऊन गेले. प्रत्येक जुना बोर्ड नव्या ड्रायव्हरवर चालतो हे दाखवलं, आणि सांगितलं की टाकलेला ड्रायव्हर एक आहे, डिस्कांचा आधार तसाच आहे. सुटे भाग देऊ असं मशीन विकताना आपण सांगितलं होतं. ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे, फक्त तो हातात धरता येत नाही. नवा कंट्रोलर म्हणजे छोट्या कारखान्याच्या मालकाला नवं कर्ज. शेठ लोक आमच्यावर चिडतात, पैशांसाठी घासाघीस करतात, पण वीस वर्षांपूर्वी घेतलेलं मशीन पुसून-पासून, तेल घालून ते चालवतात. त्यांच्या त्या निगेला आमच्याकडूनही तेवढीच निगा मिळायला हवी, असं मी तिथे म्हणाले आणि आजही म्हणते. अपडेट चालू राहिले.

आता रॅक माझ्या हाताखालचा एक मुलगा बघतो. त्याचा जन्म झाला तेव्हा आमची काही मशिन्स आधीच कामाला लागलेली होती. मागे त्याने विचारलं, "मॅडम, या यादीतल्या डिस्का आता जगात कुठे असतील तरी का? ही नावं काढली तर काय बिघडेल?" मी त्याला त्यातलं एक नाव घेऊन इतिहास शोधायला लावलं. दुपारभर तो जुने बदल उलगडत बसला. मग त्याने स्वतःच कपाटातून त्या यादीतली एक डिस्क शोधून काढली, यादीतली ओळ बंद करून कर्नल बांधलं, डिस्कला डीएमए दिलं आणि लॉग बघितला. काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही, ती ओळ परत चालू करून चाचणीच्या वहीत डिस्कचं नाव लिहिलं.

परवा शिरोलीच्या एका फाउंड्रीतून फोन होता. तिथलं मशीन वडिलांनी घेतलेलं, आता मुलगा बघतो. त्याला ते मशीन दुसऱ्या शेडमध्ये हलवायचं होतं, नवा पाया घालायचा होता, आणि त्याआधी सरळ प्रश्न होता, "मॅडम, अजून किती वर्षं धरू?" मी सांगितलं, आयडीई डिस्क आता मिळणार नाही, ती आशा सोडा, कार्ड आणि अॅडॉप्टर आम्ही देऊ. सध्या तुमच्याकडे ५.१० आहे, त्याचे सुरक्षेचे पॅच डिसेंबर २०२६ पर्यंत येतील. त्याच्या आत ६.१२ वर आणू. तुमच्याच प्रकारचा बोर्ड आमच्याकडे आहे आणि त्यावर ते कर्नल सध्या चालू आहे. पाया घाला. तो म्हणाला, ठीक आहे, पुढच्या महिन्यात कॅलिब्रेशनला माणूस पाठवा.